फळ्यावरची किटली मी नव्हे

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला मोठा पोचा आहे. पोच्याचं आधीच सांगून टाकते, कारण माझी इतकी चित्रं निघाली, पण एकातही तो दिसत नाही. याचाच मला संताप आहे.

माझी उमेदीची वर्षं नळदुर्गजवळ हायवेवरच्या एका ढाब्यात गेली. मालक महांतप्पा ट्रकवाल्यांना सांगायचे, "ह्या किटलीतला च्या पिला की गडी हैदराबादपस्तोर डोळा मिटत न्हाय." ऐकून मी फुगून जायचे. मग एकदा गर्दीत मी फरशीवर आपटले. पोचा आला, झाकण कुठे गडगडत गेलं ते सापडलंच नाही. ढाब्यावर तोटीचं स्टीलचं पिंप आलं आणि मी कोपऱ्यात गेले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! महांतप्पांचे पुतणे कृष्णराज शाळेत चित्रकला शिकवतात. मुलांना वस्तुचित्र शिकवायला त्यांनी मला नेलं. मला वाटलं, आता तरी कुणी मला नीट बघेल.

कसलं काय! पाहुणे आल्यावर गादीची फाटकी बाजू खाली करावी, तसा सरांनी माझा पोचा खिडकीकडे फिरवला. मला फळ्याखाली स्टुलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या फळ्यावर माझं चित्र काढलं. पोट गुळगुळीत, वर लंबगोल तोंड. सतरंजीवर बसलेली सगळी मुलं ते फळ्यावरचं चित्र उतरवू लागली. अरे, मी इथे समोर बसले आहे ना!

खिडकीपाशी बसलेली भाग्यश्री मात्र माझ्याकडे बघत होती. हात लांब करून, पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून तिने माझी उंची मापली. तिने पोचा काढला, पोच्यातली सावलीही काढली. ती खाली बसलेली, माझा काठ बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणून तोंडाच्या जागी तिने एक सरळ रेघ मारली. इतकं खरं मला कुणी काढलं नव्हतं. मला फार आनंद झाला.

तेवढ्यात सर आले.

"किटलीचं तोंड कुठंय गं?"

"इथनं दिसत न्हाय, सर."

"फळ्यावर दिसतंय की. आन् हा पोचा कशाला? परीक्षेत मार्क जातील. खोड सगळं."

तिने खोडलं. पोच्याच्या जागी कागद पार झिजला. मग तिने फळ्यावरची किटली उतरवली आणि सर "छान" म्हणाले. माझ्यात चहा असता तर उकळून बाहेर आला असता.

पुढच्या शनिवारी तर कहर झाला. सरांनी मला कपाटातून बाहेरच काढलं नाही. म्हणाले, "किटली आता सगळ्यांना पाठ झालीय. घ्या काढायला." मी जाळीच्या दाराआड आणि बाहेर माझी चित्रं चाललेली! काय म्हणावं या शिकवण्याला?

भाग्यश्रीचा कागद तेवढा कोरा होता.

"विसरलीस व्हय?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर, पाठ हाय. पण किटली समोर न्हाय. मग बघू काय आन् काढू काय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, मला स्टुलावर ठेवलं आणि खिडकीपाशी भाग्यश्रीच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी फळा पुसला.

हे आधी का सुचलं नाही, असं मी त्यांना विचारलं असतं, पण किटलीला कोण बोलू देतं?

मित्रांनो, मला वाकडं काढा, लहानमोठं काढा, माझी तक्रार नाही. पण आधी माझ्याकडे बघा. आणि माझा पोचा खोडू नका. तो मी भर गर्दीत, काम करताना कमावला आहे.