काकांची चेष्टा

एकोणीस दिवस गुरुप्रसादांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहरात, फूलबागेजवळच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात, सव्वाशे माणसांसमोर, समरजीतने ते माईकवरून म्हटलं होतं: "काकांची ही चेष्टा आपण सर्वांनी लक्षात ठेवू या."

मेळाव्यात पडद्यावरचं विमान जॉयस्टिकने उतरवायची स्पर्धा होती. गुरुप्रसादांनी तीस वर्षं विमानांची उपकरणं दुरुस्त केली होती. दौलतगंजच्या घरात स्वतःचा सिम्युलेटर जुळवला होता. पण मंडळाच्या अनोळखी जॉयस्टिकवर त्यांचं विमान धावपट्टीवर आपटून फुटलं. लोक हसले, ते एक वेळ पचलं असतं. पण ज्याला कडेवर घेऊन किल्ला दाखवला, त्या शेजारच्या समरजीतने सूत्रसंचालक म्हणून वर चेष्टा करावी?

"त्यालाही असाच आपटवीन," ते बायकोला, सुनंदाताईंना म्हणाले.

"अहो, दिवसभर कॉलेजात हिंदीतून शिकवतो. बोलून गेला असेल."

"शब्द बरा नेमका सापडला!"

रविवारी त्यांनी मंडळाचे अध्यक्ष महिपतराव, कार्यवाह मंदाताई आणि समरजीत यांना बेडईच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांच्या, नाश्त्याला बोलावलं. पाहुणे यायच्या आधी सेटिंग उघडलं. जॉयस्टिक हलवली की विमानाचं नाक किती हलावं, हे ठरवणारी पट्टी ते नेहमी चाळीसवर ठेवत. ती शंभरावर नेली. हात थरथरला तरी विमानाला कळू नये म्हणून मध्ये थोडी सूट असते, ती शून्य केली. स्वतः उडवून पाहिलं. बोट लागलं तरी नाक उसळत होतं. सुनंदाताई दारातून हे सगळं बघत होत्या.

दोन बेडई संपवून समरजीत खुर्चीत बसला.

"काका, हे तर फारच सेन्सिटिव्ह आहे!"

"हात हलका ठेव. आम्ही लक्षात ठेवायला बसलोच आहोत."

विमान बुजल्या घोड्यासारखं उधळलं आणि धावपट्टीच्या अलीकडेच शेतात घुसलं.

"वा सरदार!" महिपतराव खो खो हसले. "गहू पेरून आलात!"

गुरुप्रसादांना एकोणीस दिवसांनी अन्नाची चव लागली.

समरजीतने कान पकडले. "मानलं काका. तुम्ही नव्या जॉयस्टिकवर निदान धावपट्टी तरी गाठली. म्हणून तर स्टेजवर म्हटलं, काकांची चेष्टा लक्षात ठेवा. माझी चेष्टा शेतातच गेली."

"तुझी चेष्टा? कुणी केली?" मंदाताईंनी विचारलं.

"मीच केली! चेष्टा, मतलब कोशिश. स्टेजवर हिंदी चालणार नाही, असं तुम्हीच बजावलं ना? म्हणून शुद्ध शब्द शोधून आणला."

"अरे गधड्या! कोशिश म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे खिल्ली!"

समरजीतचं हसू विझलं. तो गुरुप्रसादांकडे वळला. "काका, सब के सामने मैंने आपकी... और आपने कुछ कहा तक नहीं?"

गुरुप्रसादांनी हातातला घास ताटात ठेवला. पट्टी आपणच शंभरावर नेली होती, एवढंच सांगायचं होतं, आणि तेच जिभेवर येईना.

"अजून एकदा बघ," ते म्हणाले. वायर नीट करतो असं दाखवून त्यांनी पट्टी गुपचूप चाळीसवर आणली, सूटही परत दिली. आता तो अलगद उतरवेल, आणि आपणही सुटू.

पण समरजीतचा हात एव्हाना हलका झाला होता. जमीन जवळ येताच त्याने जॉयस्टिक फुलासारखी ओढली. नाक वर आलंच नाही. विमान धावपट्टीवर आपटून फुटलं. मेळाव्यात गुरुप्रसादांचं फुटलं होतं, अगदी तसंच.

"बरोबर झालं माझं," समरजीत खालमानेने म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

सुनंदाताई ताटं उचलायला वाकल्या. "आता तरी पोट भरलं?" त्या हळूच म्हणाल्या.

"या वेळी पट्टी चाळीसवर होती," गुरुप्रसाद कुजबुजले. "खरंच."

सुनंदाताई त्यांच्याकडे न बघताच ताटांची चळत घेऊन आत गेल्या.