मास्तरांचा डावा बूट

लेकीनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "बाबांचे बूट गेलेत. नवे करून दे."

मी पिशवीत डोकावले. आठ महिन्यांपूर्वी माझा नवरा मला सोडून शाळेतल्या लायब्ररीवालीकडे राहायला गेला होता, आणि आता त्याचे बूट माझ्याकडे आले होते. माणसाला लाज नसते ते एक वेळ ठीक, पण बुटांनाही नसावी?

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या दिवशी मी गप्प बसले, कारण लेकीनं लगेच पुढचं सांगितलं. तिचे बाबा शाळेच्या जिन्यावरून पडले होते. बुटाखालचा थर सुटला होता. बाजारातले घालून बघितले तर पायाला फोड आले, आणि हाडांच्या दवाखान्यात नंबर लागायला चार महिने होते. हे सगळं सांगून ती म्हणाली की करायचे नसतील तर तसं स्पष्ट सांग, मी बघते कुठे मिळतात ते. मी म्हटलं, ठेव. बघते.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणते. शाळेत चित्रकला शिकवतात. लहानपणीच्या आजारानं त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड राहिला. मी अशाच पायांचे बूट करते. आखूड पाय, वाकडे पाय, बोटं नसलेले पाय. दुकान वडिलांचं, ते गेल्यावर माझं. मास्तर आधी गिऱ्हाईक म्हणून आले आणि मग या घरचे जावई झाले. लग्न ठरलं त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या खणातून त्यांच्या मापाचं कार्ड काढलं आणि फाडून टाकलं. नवऱ्याचं कसलं कार्ड? माप मला तोंडपाठ होतं. बावीस वर्षांत दर दोन वर्षांनी एक, असे अकरा जोड मी त्यांना केले आणि एकदाही टेप हातात घेतली नाही. याचा मला कोण अभिमान होता.

खरं सांगायचं तर मला मास्तर परत हवे होते. आठ महिने मी लेकीसमोर त्यांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तरी हवे होते. बूट म्हटले की घालून बघायला यावंच लागतं. येतील, खुर्चीत बसतील, मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसेन, आणि कुणास ठाऊक, असं मनात चाललं होतं. एवढी आशा होती, तरी हात उठेना. त्या लायब्ररीवालीच्या घरात चालायला मी यांना बूट करून द्यायचे, हा विचार आला की मी पिशवीकडे पाठ फिरवायचे.

अकरा दिवस मी टाळाटाळ केली. फळ्या पुसल्या, कातडं कापायच्या सगळ्या रापींना धार लावली, कुणी घाई केली नव्हती ती कामं हातावेगळी केली. पिशवी काउंटरखाली पायानं सरकवून ठेवली होती.

नकोशा कामाला आमच्या वडिलांकडे एक उपाय होता. ते म्हणायचे, मन लागायची वाट बघू नको, ते लागत नसतं. कातडं भिजत घाल. बुटाच्या टाचेत बसवायचं जाड कातडं आदल्या संध्याकाळी पाण्यात टाकावं लागतं. एकदा टाकलं की दुसऱ्या दिवशी ते हातात घ्यावंच लागतं, नाहीतर चिकट होतं, वास मारतं आणि वाया जातं. लोक काम लांबवायला घोंगडं भिजत ठेवतात, आमच्या घरात काम सुरू करायला कातडं भिजत घालतात. वडील गेले त्या आठवड्यातले राहिलेले बूट मी असेच पुरे केले होते. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी बादलीत पाणी घेतलं, दोन तुकडे कापले आणि टाकले.

सकाळी मास्तरांचा जुना डावा बूट मांडीवर घेतला. उंचीसाठी आत घातलेलं जुनं बूच परत वापरता येतं का बघावं म्हणून पाय टेकतो तो आतला सुकतळा रापीनं उचकटला. खाली पुठ्ठा होता.

मी पुठ्ठा घालत नाही. पुठ्ठा घालणाऱ्याला वडिलांनी दुकानातून हाकललं असतं. हा पुठ्ठा खडूच्या खोक्याचा होता, पावलाच्या आकारात नीट कापलेला, शाळेतल्या डिंकानं चिकटवलेला. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. सगळ्यात खालचा दाबून दाबून कागदासारखा झाला होता. मी थर एकावर एक ठेवून पट्टीनं मोजले. दोन सूत भरले. इंचाचे आठ सूत होतात, म्हणजे पाव इंच.

वाकड्या पायाच्या गिऱ्हाइकाचा जुना जोड आम्ही टाकून देत नाही. तळ कुठे झिजला त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. मास्तरांचे दहा जोड माळ्यावर होते. दुसऱ्याचा जोड मी आधी उलटा करून बघते, यांचे कधी बघितले नव्हते. माणूस रोज डोळ्यांसमोर, मग बूट कशाला बघायचे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी शिडी लावली, सगळे खाली काढले आणि एकेक डावा बूट फाडत गेले. पहिले तीन स्वच्छ होते. चौथ्यापासून प्रत्येकात पुठ्ठा होता. माझ्या हातच्या आठ जोडांत, सोळा वर्षं.

तिसऱ्या आणि चौथ्या जोडाच्या मध्ये काय झालं ते आठवायला वेळ लागला नाही. दुकानाची पाटी रंगवताना मास्तर शिडीवरून पडले होते. डाव्या मांडीचं हाड मोडलं, तीन महिने प्लास्टर. प्लास्टर निघायच्या दिवशी मी दवाखान्यात नवेकोरे बूट घेऊन गेले. कुणाला न सांगता करून ठेवले होते, पाठ असलेल्या मापानं. मोडलेलं हाड जुळताना पाय आणखी आखडतो, हे माझ्यासारखीला कुणी शिकवायला नको. परक्या गिऱ्हाइकाला मी आधी उभं करून मोजलं असतं. मास्तरांनी पलंगावर बसून बूट चढवले, दोन पावलं टाकली. मी विचारलं, "कसे आहेत?"

"छान," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांची पाठ दुखायला लागली. मलम मीच चोळायचे आणि चोळताना चार शब्द सुनवायचेही. संध्याकाळी फिरायला चला म्हटलं की नको म्हणायचे. मी त्यांना आळशी म्हणाले, म्हातारा म्हणाले, एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले की यांना पाय दिलेत ते देवाची चूक झाली. ते हसले होते. फाडलेल्या बुटांच्या ढिगात बसून मला ते हसणं आठवलं आणि मी रडले. रागानं नाही. स्वतःचीच लाज वाटून.

भिजलेलं कातडं थांबणार नव्हतं. मी लेकीला फोन केला आणि सांगितलं की आज शाळा सुटल्यावर त्यांना पाठव, माप घ्यायचंय. ती म्हणाली, माप? तुला पाठ आहे ना? मी म्हटलं, नाही.

मास्तर आले. लायब्ररीवाली समोरच्या फुटपाथवर थांबली, आत आली नाही. तेवढं तिला कळत होतं. मी त्यांना अनवाणी उभं केलं आणि डाव्या पायाखाली लाकडाच्या पातळ फळ्या एकेक सरकवत गेले. दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या हाडांवर ठेवून बघायचं असतं, हाडं एका रेषेत आली की थांबायचं. बावीस वर्षांत या हातांनी ते कधी केलं नव्हतं. दीड इंचाला कंबर डावीकडे खाली होती. आणखी दोन सुतांना, म्हणजे त्यांच्या पुठ्ठ्याच्या मापाला, तरीही खालीच. तिसऱ्या सुताला रेषेत आली. पुठ्ठा घालूनही सोळा वर्षं त्यांना एक सूत कमीच पडत होतं.

काउंटरवर मी पुठ्ठे मांडून ठेवले होते. त्यांनी ते बघितले आणि खुर्चीत बसले.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"त्या दिवशी दवाखान्यात तू फार खूश होतीस." ते म्हणाले, "मग दोन दिवस गेले, महिना गेला. पुढे सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. तू दुकान डोक्यावर घेतलं असतंस."

घेतलं असतं.

"आणि तिला सांगितलंत?"

"तिनं विचारलं. ओळख झाली त्याच आठवड्यात. म्हणाली, तुमचा एक खांदा खाली का असतो?"

"मीही विचारायचे. प्रत्येक जोडाला विचारायचे, कसे आहेत म्हणून."

"तू बुटांचं विचारायचीस," मास्तर म्हणाले.

आवाज चढवून नाही, टोमणा मारून नाही. वर्गात पोराला रेघ कुठे चुकली ते दाखवावं, तसं म्हणाले. मग मोजे आणि बाजारातले बूट चढवून निघून गेले.

आता कातडं टाचेवर बसवायचं होतं आणि माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. एक सूत कमी ठेवायचं. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही. दोन महिन्यांत पाठ बोलायला लागेल आणि त्यांना पुन्हा या खुर्चीत यावं लागेल. सहा महिन्यांनी पुन्हा. असं करत वर्षानुवर्षं मला तो पाय हातात धरता येईल. दोन दिवस मी बुचाचा तो शेवटचा थर कधी लावत होते, कधी काढत होते. भिजलेलं कातडं कलबुतावर, म्हणजे पावलाच्या लाकडी साच्यावर, ताणून बसवलं होतं आणि ते वाळत होतं. वाळेपर्यंत ठरवायला हवं होतं. शेवटी थर लावला. चांगुलपणा वगैरे काही नाही. सोळा वर्षं न कळत केलं ते आता कळून करायला हात धजेना.

चौथ्या दिवशी मास्तर बूट न्यायला आले. मी नाड्या बांधून दिल्या आणि बाजूला झाले. ते उभे राहिले, आणि मला दुकानात कुणी दुसराच माणूस उभा आहे असं वाटलं. दोन्ही खांदे सारखे. थोडे उंच. या माणसाला मी ओळखत नव्हते. दारापर्यंत गेले, वळले, परत आले. कसे आहेत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ मिटून घेतले.

मास्तरांनी पाय थोडा हलवून बघितला. मग म्हणाले, "टाच आतल्या बाजूनं टोचतेय. जरा बघतेस?"

बावीस वर्षं आणि अकरा जोड झाल्यावर माझ्या कामात त्यांनी काढलेली ही पहिली खोट. नवरा होते तोवर सगळं छान होतं. खोट गिऱ्हाईक काढतं, कारण त्याला माझ्या घरी राहायचं नसतं. ते आता परत येणार नाहीत, हे मला त्या एका वाक्यात कळलं, आणि कळलं तेव्हा मी खाली स्टुलावर बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडत होते.

मी टाच आतून हातोडीनं ठोकून मऊ केली आणि बूट परत चढवला.

"आता?"

"आता बरोबर आहे."

ते बाहेर पडले, फुटपाथवरच्या तिच्याकडे गेले, आणि दोघं चालायला लागली. मास्तर येताना मला पावलांवरून कळायचे, एक जड, एक हलकं. त्या दिवशी मी कान देऊन ऐकलं, पण रस्त्यावरच्या माणसांत त्यांची पावलं मला वेगळी काढता येईनात.

मी खणातून कोरं कार्ड घेतलं. मास्तर, डावा, एक इंच सात सूत, असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि ते बाकीच्या गिऱ्हाइकांत लावून टाकलं.