पिवळ्या टॉवेलांची थप्पी

स्टीलच्या ताटात मूठभर राख होती. बाबाजींनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि झारीतून त्या राखेवर चमचाभर 'सिद्ध केलेलं पाणी' सोडलं. काडी नाही, लायटर नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ताटातून धूर निघाला आणि भस्सकन जांभळट ज्वाळ उठली. लाँड्रीसमोरच्या गल्लीत जमलेली दोन-अडीचशे माणसं एकदमच मागे सरली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने हात जोडले, ते पाहून तिच्या मागच्या सगळ्यांनी जोडले.

"पाण्याने आग विझते की लागते?" बाबाजींनी विचारलं.

"विझते!" लोक म्हणाले.

"मग माझं पाणी पेटलं कसं? मी पेटवलं? छे, छे! मी साधा पोस्टमन. पत्र पाठवणारी तिकडे उभी आहे, मी नुसतं पोचतं केलं!"

काहीजण हसलेही. आणि दोन-अडीचशे माना लाँड्रीच्या पायरीकडे वळल्या. तिथे मालकाची सून उभी होती. वीस-बावीस वर्षांची, सडपातळ, डोळे जमिनीकडे लावलेली. लग्नाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

मी गर्दीच्या मागे आगीच्या बंबाला टेकून उभा होतो. मी अग्निशमन दलात नोकरी करतो. बाबाजी जाळाचे प्रयोग करणार म्हणून खबरदारीसाठी आम्हाला तिथे पाठवलं होतं. ताटातली गंमत माझ्या लगेच लक्षात आली होती. राखेखाली जखमा धुवायच्या जांभळ्या औषधाचे खडे होते आणि झारीत पाणी नव्हतंच, ग्लिसरीन होतं. या दोन्ही गोष्टी औषधांच्या दुकानात मिळतात. ते एकत्र आलं की जरा वेळाने आपोआप पेटतं. तेवढा 'जरा वेळ' बाबाजी ओठ हलवत काढत होते. मी हे बंबाच्या ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन सांगा की मग सगळ्यांना."

"मार कोण खाणार?" मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो.

ते हसणं मला अजून आठवतं.

लाँड्रीत तोवर तीनदा आग लागली होती. तिन्ही वेळा मागच्या खोलीत, धुऊन घडी केलेल्या कपड्यांच्या मांडणीवर, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, खोलीत कोणी नसताना. दुसऱ्या वेळी आम्ही गेलो होतो. आग लहान होती, दहा मिनिटांत विझली. जेवायची वेळ टळून गेली होती, अंग घामाने चिकट झालं होतं. अहवालात 'आगीचे कारण' या रकान्यापुढे मी 'शॉर्ट सर्किट' लिहिलं आणि सही ठोकली. कारण कळलं नाही की आम्ही तेच लिहितो.

मालक सरळ माणूस. त्याने लगेच वायरमन बोलावला. वायरमनने भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "अहो, या भिंतीत वायरच नाही."

वायर नाही, चूल नाही, विडी ओढणारं कोणी नाही. मग आग लावतंय कोण? घरातली माणसं या प्रश्नापाशी येऊन अडकली, आणि तिथून ती सुनेपर्यंत पोचली. कारण आगी सुरू झाल्या त्या ती घरात आल्यावर. घड्या तीच घालायची. आणि तिसऱ्या आगीच्या आधी तिने स्वतःच सासूला सांगितलं होतं, "आई, त्या पिवळ्या टॉवेलांच्या थप्पीत हात घातला की गरम लागतंय. ठेवले तेव्हा होते त्यापेक्षा जास्त गरम."

सासू म्हणाली, "ड्रायरमधून काढलेले कपडे गरमच असणार. तुला कामाचा कंटाळा."

तासाभराने तीच थप्पी पेटली. पोरीने धोका ओळखून सांगितला होता. पण सासूला त्यातलं एवढंच आठवलं, की हिने हात घातला आणि आग लागली. सासू काही दुष्ट बाई नव्हती. मांडणीमागच्या भिंतीपलीकडेच तिचं अंथरूण होतं, आणि महिनाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनेच बाबाजींना आणलं. बाबाजींनी सुनेला तीन प्रश्न विचारले, थप्पी गरम लागल्याचं तिच्याच तोंडून वदवून घेतलं आणि मान हलवली. "बघा, स्वतःच कबूल करते आहे."

त्या रविवारी ताटातली ज्वाळ विझल्यावर बाबाजी म्हणाले, "दुपारी परीक्षा होईल. हिच्यात काही नसेल तर हिला काही होणार नाही." परीक्षा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. गर्दी पांगली तसे आम्ही अग्निशमन केंद्रावर परतलो.

पावणेचारला फोन आला. तीच गल्ली, तीच लाँड्री.

आम्ही पोचलो तेव्हा मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून करडा धूर येत होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. सुनेचा नवरा दोन्ही मुठींनी दार बडवत होता. बुक्क्या मारून त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

"किल्ली कुठे आहे?" मी ओरडलो.

"बाबाजींकडे. पाचला येतो म्हणाले."

"आत कोण आहे?"

तो दाराकडे बोट दाखवून पुन्हा बुक्क्या मारू लागला.

परीक्षा अशी होती. त्या दिवशीचे सगळे टॉवेल घडी करून मांडणीवर ठेवायचे, सुनेला आत बसवायचं, खिडकीला फळी ठोकायची आणि बाहेरून कुलूप लावायचं. आग लागली नाही तर पोरगी शुद्ध. घरातल्या चार मोठ्या माणसांनी आपल्या हातांनी हे केलं होतं.

कटरने कुलूप तोडायला अर्धं मिनिट लागलं. ती दारापाशीच पालथी पडली होती. श्वास चालू होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. आमच्यातल्या दोघांनी तिला उचलून बाहेर नेलं, आणि मी आग विझवली. या वेळी मात्र मी नीट पाहिलं. अर्धे टॉवेल मांडणीवर कोळसा होऊन पडले होते. उरलेले खोलीभर पसरलेले होते, एकेक सुटा. कोणीतरी थप्पी उपसून फेकली होती. पांढऱ्या चादरींचे गठ्ठे शेजारच्याच मांडणीवर होते. ते धुराने काळवंडले होते, पण पेटलेले नव्हते.

चौथ्या दिवशी ती बोलू शकेल असं डॉक्टर म्हणाले. मी गेलो. हातांना बँडेज, आवाज घोगरा. मी कोण ते सांगितलं.

"ताई, टॉवेल तुम्ही उपसले का?"

"हो. धूर मधून येत होता. वरचे टॉवेल चांगले होते, आतले काळे. मोकळे केले की थंड होतात, हे मला माहीत होतं. पण मोकळे केल्याबरोबर एकदम जाळच आला."

"मोकळे केले की थंड होतात, हे कसं माहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच कोणी असा प्रश्न विचारला असावा.

"पेटतात ते पिवळेच. मालिश केंद्राचे. ड्रायरमधून काढून लगेच घडी घातली तरच. एकदा ड्रायर बंद होता तेव्हा दोरीवर वाळवले, तर काही झालं नाही. धुतले तरी त्यांचा खवट वास जात नाही. मी ह्यांना सांगितलं, आईंना सांगितलं, त्या बाबांनाही सांगितलं."

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. नर्सने मला बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मी प्रशिक्षणाचं जुनं पुस्तक काढलं. 'तेलकट चिंध्या' असं एक अख्खं पान त्यात होतं. त्या पानावर मी परीक्षा दिली होती, पासही झालो होतो.

गोष्ट साधी आहे. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट, पिवळा थर जमतो, तो आपण सगळ्यांनी बोटाने खरवडला आहे. तेल आणि हवा यांचा संयोग होऊन तो तयार होतो, आणि असा संयोग होताना थोडी उष्णता बाहेर पडते. बाटलीच्या तोंडाशी ती जाणवत नाही, लगेच उडून जाते. मालिश केंद्रात जवसाचं आणि सूर्यफुलाचं तेल वापरायचे. टॉवेल धुतले तरी ते तेल धाग्यांतून पुरतं निघत नाही. ड्रायरमध्ये टॉवेल चांगले तापतात, आणि तापलेलं तेल हवेशी जास्त वेगाने संयोग करतं. टॉवेल पसरलेला असेल तर उष्णता निघून जाते. पण गरमच घडी घालून तीस-चाळीस टॉवेल एकावर एक रचले, की वरचे टॉवेल मधल्या टॉवेलांची गोधडी होतात. आतली ऊब आत कोंडते, उबेने संयोगाचा वेग वाढतो, वेगाने ऊब वाढते. तीन-चार तासांत मधलं कापड आतल्या आत जळू लागतं. मग ते जळणं कडेपर्यंत पोचलं किंवा थप्पी उपसली, की त्याला हवा मिळते आणि भडका उडतो. सकाळी अकराला रचलेली थप्पी तीन-चारला पेटणार, यात नवल ते काय?

आगी सून आल्यावर सुरू झाल्या, हेही खरं होतं. मुलाचं लग्न झालं, घरात कामाला दोन हात वाढले, म्हणूनच मालकाने मालिश केंद्राचं काम घेतलं होतं आणि जुना मोठा ड्रायर आणला होता.

पुढच्या रविवारी मी त्याच गल्लीत, उघड्यावर, दोन लोखंडी टेबलं मांडली. बंब शेजारी उभा केला. ड्रायरमधून काढलेले पिवळे टॉवेल एका टेबलावर, पांढऱ्या चादरी दुसऱ्या टेबलावर. गर्दी जमली. मी सासूला म्हणालो, "मावशी, घड्या तुम्ही घाला."

"मी कशाला?"

"तुमची सून दवाखान्यात आहे. तिचा हात नको लागायला."

तिने घड्या घातल्या आणि थप्प्या रचल्या. दोन्हींच्या मधोमध मी लांब नळीचे थर्मामीटर खुपसले. दर अर्ध्या तासाला मालकच आकडा मोठ्याने वाचत होता. चादरींचा आकडा उतरत गेला. टॉवेलांचा आधी थोडा उतरला, मग थांबला, मग चढू लागला. लोक जेवून परत आले. साडेतीन तासांनी पिवळ्या थप्पीच्या कडेने धुराची रेघ निघाली, आणि तो खवट, जळका वास गल्लीभर पसरला.

सासू जमिनीवर बसली. "तिने मला सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

गर्दीतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "म्हणजे ते आता सासूत शिरलं वाटतं." मी ऐकलं. त्याच्याजवळ जाऊन मी सगळं पुन्हा समजावलं. त्याने मान डोलावली. पटलं की नाही कोण जाणे.

बाबाजी आमच्या हद्दीबाहेर निघून गेले होते. पोलिसांनी त्यांना तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावात पकडलं, तिथेही ताट आणि झारी तयार होती. सुनेला कोंडल्याचा गुन्हा घरातल्या चौघांवरही दाखल झाला. मी खोटा अहवाल लिहिल्याचं लेखी कबूल केलं. माझी बढती अडली. ती अडायलाच हवी होती.

सून वाचली. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. नवरा रोज दवाखान्यात यायचा, रडायचा. एक दिवस ती त्याला म्हणाली, "कुलूप लावताना तुम्ही त्या बाबांना एवढंच विचारलंत, आतून की बाहेरून. मी ऐकत होते." ती त्या घरी परत गेली नाही.

आता हे मी जिथे बोलावतील तिथे सांगतो. टॉवेल, पोछे, पॉलिशच्या चिंध्या, तेल लागलेलं कुठलंही कापड गरम असताना रचून ठेवू नका. पसरा, थंड होऊ द्या. एवढं केलं तर बाबाजींची गरज पडत नाही. आणि घरात काही विचित्र घडलं, तर घाबरलात तरी हरकत नाही, मलाही भीती वाटते. पण घाबरून माणूस शोधू नका, कारण शोधा. ते लगेच सापडलं नाही, तर 'माहीत नाही' असं लिहा, म्हणा, आणि शोधत राहा. घरातल्या सगळ्यांत धाकट्या, सगळ्यांत नव्या माणसाला काही दिसलं असेल, तर त्याच्यासोबत जाऊन पाहा. तिसऱ्या आगीच्या त्या दुपारी एका माणसाने जरी तिला विचारलं असतं, "कुठे गरम लागतंय, दाखव बघू," आणि थप्पीत स्वतःचा हात घातला असता, तर तिची बोटं आज मिटली असती.