नारिंगी प्लग

एकतीस वर्षं मी कराड डेपोत एस.टी.ची इंजिनं खोलली आणि जोडली. व्हिडिओ बघून एकसुद्धा नाही. आणि हे आमचे जावई, सलीलराव! चिपच्या कारखान्यात मोठे इंजिनियर, पण चाकात हवा भरायची म्हटली तरी आधी हातमोजे शोधतात. फेब्रुवारीत मी महिन्याभरासाठी लेकीकडं परदेशात, ॲडम्सटाउनला आलो, विमानं बंद झाली, आणि तेव्हापासून हे ध्यान रोज बघतोय.

गाडी यांची हायब्रीड. पेट्रोल टाकीभर असलं तरी मागची मोठी बॅटरी रुसली की गाडी जागची हलत नाही. ती रुसली. गॅरेजवाल्यानं दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. इकडं गिरिजाला, माझ्या डॉक्टर लेकीला, सोमवारी सकाळी आठला ट्रलीच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. तिथले दोन डॉक्टर कोविडनं आडवे, हिची मैत्रीण मेधा एकटी वॉर्ड ओढत होती. "मी येते," असा हिनं तिला शब्द दिलेला. चार तासांचा रस्ता, रात्री तिथं पोचून झोपही घ्यायची, म्हणजे रविवारी चारला निघायलाच हवं.

"मी करतो दुरुस्त," सलीलराव म्हणाले. मला हसू आवरेना.

शनिवारी साहेबांनी जेवणाच्या टेबलावर बॅटरीचे अठ्ठावीस सेल मांडले. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी, लॅपटॉपवर तक्ता. अरे, बॅटरी आहे का दहावीची परीक्षा? दोन सेल मेलेले निघाले. ते बदलायला यांना अख्खा दिवस लागला. मुठीएवढा एक नारिंगी प्लग होता, तो काढला की बॅटरीचा करंट तुटतो. तोही टेबलावर नीट रुमालावर ठेवला होता.

रविवारी दसरा. डेपोत आम्ही पान्यापासून जॅकपर्यंत सगळ्याची पूजा करायचो. इथं कुणाला सुचणार? हे अंघोळीला गेले तेव्हा मीच हळदकुंकू घेतलं आणि स्क्रूड्रायव्हर, सेल, नारिंगी प्लग, सगळ्यावर कुंकू-अक्षता वाहिल्या. झेंडू नव्हता, दुकानातली शेवंती वाहिली. हे आले आणि ओला टिश्यू घेऊन सगळं पुसून काढलं. आयला, असा राग आला मला! पण जावई पडले, गप बसलो.

दुपारी एकला बॅटरी गाडीत बसली. बटण दाबलं. बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला, बस्स.

"काय हो सलीलराव, तक्ता काय म्हणतो?"

"बघतो, अण्णा."

पुन्हा सगळं काढलं. नट तपासले, मीटर लावून एकेक सेल मोजला. मी दारात खुर्ची टाकून चहा पीत बसलो. "आमच्या डेपोत पहिल्या दिवशी आलेला पोरगासुद्धा एवढ्यात गाडी बाहेर काढायचा," असं दोनदा तरी ऐकवलं. गिरिजा डोळे वटारत होती. वटार म्हटलं. असल्या माणसाशी लग्न कुणी केलं?

साडेतीन वाजले. पुन्हा जोडलं, पुन्हा लाल त्रिकोण. सोमवारी सरकारी सुट्टी, गॅरेज बंद. ट्रलीची गाडी स्टेशनवरून कधीच सुटलेली. गिरिजा बॅग खांद्याला लावून उभी होती, हातात फोन. "मेधाला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली आणि नंबर शोधू लागली.

सलीलराव फरशीवरच बसले. "माझंच काहीतरी चुकलंय," म्हणाले. "सगळं बरोबर आहे, फक्त हा प्लग शेवटच्या घरात सरकत नाही. जोर लावला तर मोडेल."

"द्या इकडं," मी तोऱ्यात म्हणालो. "त्याला नजर असावी लागते."

चष्मा चढवून प्लग उजेडात धरला. त्याच्या मुठीखाली एक बारीक खाच होती. खाचेत तांदळाचा एक दाणा होता. लाल.

माझीच अक्षता. टिश्यू तिथवर पोचलाच नव्हता. मी पाठ वळवली, टाचणीनं दाणा उकरला आणि चिमटीत दाबून धरला.

"काय होतं, अण्णा?" गिरिजानं विचारलं.

"कचरा," मी म्हणालो. "काम करताना टेबल साफ ठेवत नाहीत, मग असं होतं."

हो, असं म्हणालो मी. लाज सोडून म्हणालो.

सलीलरावांनी हातमोजे घालून प्लग बसवला. खट्कन शेवटच्या घरात गेला. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. गिरिजा माझ्या गळ्यात पडली. "बघ सलील, याला म्हणतात अनुभव!" आणि चारला पाच कमी असताना गाडी कोपऱ्यावरून वळली.

आम्ही दोघंच उरलो. सलीलरावांनी कुंपणाच्या झुडपाचं एक पान तोडलं, इथं आपटा कुठला, आणि सोनं म्हणून माझ्यापुढं धरलं. वाकून नमस्कार केला. घ्यायला मूठ उघडली तर माझा अंगठा कुंकवानं लाल झालेला. त्यांनी बघितलं. माझा चेहराही बघितला.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजा बॉनेटवर करू. गिरिजाला मी काही सांगणार नाही."