बिळातलं भात

"अगो ठकू, मोठी टोपली घे! आवंदा बांध नुस्ता पोखरलाय!" खांद्यावर कुदळ टाकून चिंधू बायकोला ओरडला.

आज पहाटेच त्यांची लेक गोदू बाळंत झाली होती. चिंधूच्या घरात बाळंतिणीची पहिली पेज उंदरांच्या बिळातल्या भाताची. कापणी झाली की बांध खणायचा, उंदरांनी साठवलेल्या लोंब्या काढायच्या आणि एक बीळ न खणता उंदरांच्या बियाला म्हणून राखायचं. उंदरीण पिलांना कधी उपाशी ठेवत नाही, तिच्या कोठारातलं खाल्लं की बाळंतिणीला दूध फुटतं, असं चिंधूची आई सांगायची. गोदूच्या वेळी ठकुबाई हीच पेज प्याली होती.

पण सत्त्याहत्तर सालची सुगी कसली सुगी! अंजूर गावाच्या या बाजूची भाताची खाचरं मुरूम टाकून बुजवली होती, वर कापड विणणाऱ्या लूमच्या शेडी उठत होत्या. उरलं होतं एकट्या रामनाथ पाटलाचं खाचर. चहूकडचे उंदीर त्याच्याच बांधात शिरले होते.

"इतकं उंदीर एका बांधात? मला काय बरं वाटत न्हाय," ठकुबाई म्हणाली.

"गप गो! देव देतोय तं तुला खुपतंय व्हय?"

पहिल्याच घावाला घाण वास आला. बीळ लोंब्यांनी गच्च भरलेलं आणि त्यावर उंदीर मरून पडलेले. दुसरं खणलं, तेच. पुढचंही तेच. दाटीवाटीनं राहिले आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागून सगळे गेले बिचारे. राहता राहिलं बियाचं बीळ. ते खणायचं नसतं, पण चिंधूनं खणलं. आत उंदरीण जिवंत होती. पिलं गार पडली होती, तरी ती त्यांना सोडून पळेना. चिंधूच्या डोळ्यांदेखत तिनं मान टाकली.

त्याचा हात लोंब्यांकडं गेला.

"हात लावशील तं माझं मेलेलं तोंड बघशील!" ठकुबाईनं त्याचं मनगट धरलं. "वल्या बाळंतिणीला रोग खाया घालतोस?"

"मग काय घालू गो माझ्या पोरीला?" चिंधू ढसाढसा रडला.

तेवढ्यात मुरमाचे ट्रक येऊन उभे राहिले. रामनाथनंही खाचर विकलं होतं. मुकादमाला माणसं हवीच होती. चिंधूनं दिवस मावळेपर्यंत त्याच बांधावर मुरूम ओढला, आपल्या हातानं बिळं बुजवली आणि मजुरीतून दुकानातले तांदूळ नेले.

गोदूनं पेजेचा घोट घेतला. "बाबा, बिळातल्या भाताची हाय ना?"

"हाय गो बाय. पी."

"आन् बियाचं बीळ राखलंस ना?"

"राखलं," चिंधू म्हणाला आणि मुरमानं लाल झालेले हात त्यानं मांडीखाली दडवले.