पाठीमागचा सूर्य

मित्रांनो, मी सांगलीतला एक म्हातारा, तीन पायांचा लाकडी कॅमेरा. हल्ली माळ्यावर पडून असतो आणि माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण ज्या फोटोमुळे माझं नाव झालं, त्याची कोणी आठवण काढली की माझी मान आपोआप खाली जाते.

मिरजेत सतारी करणाऱ्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं आणि अल्लाबक्षभाईंनी मला हौसेने घरी आणलं. भाई सांगलीचे फोटोग्राफर. नवरानवरी, पैलवान, बारशाची पोरं, सगळे माझ्यासमोर श्वास रोखून बसत. भाईंचा जीव मात्र मावळतीच्या फोटोत अडकलेला.

फोटो तेव्हा काळेपांढरे. आभाळाचा सगळा सोनेरी थाट माझ्या पोटात शिरला की राखेच्या रंगाचा होई. नदी, नाव आणि वर एक पांढरा ठिपका. असे फोटो कृष्णाकाठी ढिगाने निघत. भाईंनी माझ्या डोळ्यावर पिवळी काच चढवली, तसे ढग उठून दिसू लागले. तरी ते कुरकुरत, "ह्यात जीव न्हाई." सूर्याला पाठीशी घेऊन एखादा माणूस उभा हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

चव्वेचाळीस साली आष्ट्याचा मानसिंग दुकानात आला. पलटणीतला उंचापुरा शिपाई, रजा संपत आलेली.

"आवं भाई, उद्या मिरजेतनं गाडी हाय," तो म्हणाला. "आईसाठी एक फोटू काढा. तोंड नीट दिसाया पायजे बगा."

लढाईमुळे, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. भाईंकडे एकच उरली होती. त्यांनी मानसिंगाचे रुंद खांदे पाहिले, फेटा पाहिला, आणि त्यांची बुद्धी फिरली.

"हितं नगं," ते म्हणाले, "घाटावर जाऊ. लय भारी येतोय बग."

मावळतीच्या वेळी घाटावर भाईंनी त्याला नदीकडे पाठ करून उभं केलं. सूर्य बरोबर फेट्याआड लपवला.

"तोंड येईल नव्हं?" मानसिंगाने विचारलं.

"येतंय की, गड्या. हालू नगंस."

फोटो असा आला की बघत राहावं. फेट्याभोवती उजेडाची झालर, मागे लखलखणारं पाणी आणि मध्ये काळाभोर मानसिंग. मानसिंग तो न बघताच गाडीने गेला होता, आणि भाईंनी तो आष्ट्याला न धाडता साताऱ्याच्या प्रदर्शनात मांडला. तिथे त्याला पहिलं बक्षीस मिळालं. दसऱ्याला भाईंनी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मीही मेला हुरळून गेलो.

मग आष्ट्याचे बाजारकरी दुकानाच्या काचेत लावलेला तो फोटो पाहू लागले. त्यातला एक हसत म्हणाला, "भाईनं मानसिंगाचं तोंड काळं केलं की रं!" आमच्याकडे हे बोल अब्रू घालवणाऱ्याला लावतात. भाईंनी फोटो काढून आत ठेवला. अशात मानसिंग इटलीत लढाईत पडल्याची तार आष्ट्याला पोचली.

एके दिवशी त्याची आई, रंगूबाई, लेकाचा फोटो न्यायला दुकानात आली. भाईंनी फोटो तिच्या हातात दिला. ती भांडायला आली नव्हती. तिने फोटो मांडीवर घेतला, पदराचं टोक ओलं केलं आणि मानसिंगाचं तोंड हळूहळू पुसू लागली.

"काजळी धरलीया," ती म्हणाली. "भाई, तेवढी पुसून द्या. लेकाचं तोंड बघते न् जाते."

"मावशी, ती काजळी न्हाई," भाई म्हणाले. "खाली तोंडच आलं न्हाई. सूर्य त्येच्या पाठीमागं हुता."

रंगूबाईने फोटो दाराच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला.

"मग त्येला सूर्याकडं तोंड करून का न्हाई हुबा केला?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. भाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तर लाजेने अर्धमेला झालो. तोच घाट, तीच वेळ, तोच मऊ उजेड. मला नुसतं पाण्याजवळच्या पायरीवर ठेवून त्याला माझ्याकडे वळवलं असतं, तर हनुवटीवरच्या तिळासकट तिचा लेक तिला मिळाला असता. बक्षीस मात्र मिळालं नसतं.

दुसरा फोटो नव्हताच, म्हणून तिने तोच घरी नेला. जन्मभर ती तो अधूनमधून पदराने पुसत राहिली म्हणे.

मित्रांनो, मावळतीचे फोटो हौसेने काढा. चारचौघांपेक्षा वेगळे काढा. पण समोर माणूस उभा असेल, तर हा फोटो कोणाला हवा आहे, ते आधी त्याला विचारा आणि त्याचं तोंड उजेडाकडे करा. सूर्याचं काय, तो उद्याही मावळणार आहे.