बटण लावलंय, आई

शिव्या खायला नशीब लागतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आमच्या ह्या जावयाला विचारा. दोन वर्षं बिचारा एका शिवीची वाट बघत होता आणि ती काही पदरात पडत नव्हती.

शिवी द्यायची कुणी, तर सासूनं. सासू म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. सगळी नोकरी सिनेमाच्या तिकीट खिडकीत झालेली. काचेतल्या एवढ्याशा भोकातून रांगेच्या शेवटच्या माणसाला "ए लंबूटांग्या, मध्ये घुसू नकोस!" हे ऐकू जायला हवं, तर आवाज कसा लागेल तुम्हीच बघा. बाई रिटायर झाली, आवाज झाला नाही. पोस्टमनला ती ‘आळशा’ म्हणायची, सख्ख्या भावाला ‘भोपळ्या’, आणि पोटच्या पोरीला तर रोज नवीन नाव. यातलं कुणी कधी रागावलं नाही. उलट ‘आळशा’ ऐकू आलं नाही तर पोस्टमनच विचारायचा, "ताई, बरं नाही का आज?"

"आई ज्याच्यावर ओरडते तो आपला," बायकोनं लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. "परक्याशी ती अगदी गोड बोलते."

आणि जावयाशी ती अगदी गोड बोलायची. "जावईबापू, बसा." "अहो, तुम्ही कशाला उठता?" "राहू द्या हो, मी करते." त्यानं चहाचा कप उचलून ठेवला तरी ती धावत यायची. पाहुण्यासारखं वागवून घ्यायचा त्याला आता अगदी कंटाळा आला होता. आपल्यालाही एकदा ‘ए भोपळ्या’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

त्याची मायबोली वेगळी. मराठी तो बायकोकडून शिकला आणि जिद्दीनं शिकला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, तिथं काचा घासता घासता शब्द घोकायचा. पण शिकवणारी बायको म्हटल्यावर व्हायचं ते झालं. ती ‘मी येते’ म्हणायची, म्हणून हाही ‘मी येते’. चांगला उंचापुरा दाढीवाला गडी, रोज दारात उभा राहून "मी जाते हं" म्हणायचा! बायकोला ते इतकं आवडायचं की तिनं मुद्दाम सुधारलं नाही. सासूनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं काहीतरी. पण जावई पडला! तिनं आवंढा गिळला आणि म्हणाली, "छान बोलता हो मराठी."

तर अशा ह्या घरात मुलगी जन्माला आली. बायको आणि बाळ आज संध्याकाळी दवाखान्यातून घरी येणार होती, आणि त्यासाठीच सासू येऊन राहिली होती. दुकानातून आणलेलं कापड धुतल्याशिवाय बाळाच्या अंगावर घालायचं नाही, हा तिचा नियम. काल संध्याकाळी तिनं चादरी आणि दुपटी धुऊन घेतली होती. ती ओली दुपटी सकाळी वाळवायच्या मशीनमध्ये जायची होती, आणि झबली, टोपडी, मोजे धुण्याच्या मशीनमध्ये. बाहेर आठवडाभर धुकं. दोरीवर टाकलेला रुमाल तीन दिवस तसाच ओला लोंबत होता.

दोन्ही मशीनं स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत, एकाच्या डोक्यावर एक. त्यांच्याही वर, पार छताजवळ, एक मोठं बटण. घर नवीन, जावयानं त्या बटणाला कधी हात लावला नव्हता. ते गिझरचं असावं असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ते खरं होतं दोन्ही मशीनांचं.

सासूला रात्री सगळं बंद केल्याशिवाय झोप येत नसे. काल मशीनचा लाल दिवा लुकलुकताना दिसला, तेव्हा तिनं झाडूच्या दांड्यानं ते बटण खाली ओढलं होतं. ओढताना आलं, पण सकाळी वर ढकलायला गेली तर दांडा नुसताच सटकत राहिला.

"जावईबापू," ती संकोचून म्हणाली, "तुमची उंची आहे म्हणून सांगते हो. ते वरचं मोठं बटण तेवढं लावता का?"

काम! सासूनं काम सांगितलं! जावयाला आकाश ठेंगणं झालं. "मी लावते!" म्हणत तो टाचा उंचावून बघायला लागला.

आता इथं मेख आहे. ‘लावणे’ हा शब्द त्याला पक्का ठाऊक होता. बायको म्हणायची दार लाव, खिडकी लाव, डब्याचं झाकण लाव. म्हणजे लावणे म्हणजे बंद करणे, सोपं आहे! दिव्याला आणि पंख्याला ती ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ असंच म्हणायची, त्यामुळे दिवा कसा ‘लावतात’ ते त्याच्या कानावरच आलं नव्हतं. बटण तर आधीच बंद होतं. पण आयुष्यातलं पहिलं काम, ते आयतं झालेलं कसं सांगणार? त्यानं बटण आणखी खाली दाबलं आणि ओरडला, "बटण लावलंय, आई!"

मशीन चालू असताना गिझर नको, बरोबरच आहे, असा त्यानं हिशेबही जुळवला. सासू किती विचार करते, म्हणून त्याला कौतुकही वाटलं.

सासूनं दुपटी वरच्या मशीनमध्ये घातली, झबली खालच्या. कळ दाबली. ढिम्म. दुसरी दाबली. तीही ढिम्म.

"अगं बाई, दोन्ही कशी गेली एकदम?" ती म्हणाली. "बटण नीट लावलंत ना?"

"एकदम घट्ट लावलंय."

मग जावई कामाला लागला. बाह्या सरसावल्या, बॅटरी घेतली. वायर हलवून बघितली, दाराची कडी दहादा उघडझाप केली. वाळवायच्या मशीनची जाळी काढली, तर तिच्यावर कपड्यांची लव गोधडीसारखी साचलेली. ती सोलून काढली. मग जमिनीवर पालथा पडून धुण्याच्या मशीनचं खालचं झाकण उघडलं. भसकन पाणी आलं आणि त्याचा शर्ट, दाढी, मोजे सगळं न्हाऊन निघालं. पाण्याबरोबर केसांचे आकडे आले, शर्टाचं बटण आलं, आणि बायकोचा हरवलेला कानातला डूल आला. हिरा सापडावा तसा त्यानं तो उजेडात धरला.

"आई, मी शोधले!"

सासूचे ओठ हलले. काहीतरी बाहेर पडणार होतं. पण तिनं पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "हो, छान शोधलंत. आता कपडे बदला, सर्दी होईल तुम्हाला."

परत ‘तुम्हाला’. जावयानं निमूटपणे हात धुतले. नळाला गरम पाणी आलं. गिझर बंद असताना गरम पाणी कसं, हा प्रश्न कुणालाही पडला असता. ह्याला वाटलं, टाकीत राहिलं असेल कालचं.

दुपार झाली तेव्हा त्यानं मेकॅनिकला फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे माणूस काहीतरी चघळत होता.

"बटण लावलंय का?"

"लावलंय. सकाळपासून लावलंय."

"मग बोर्ड गेला. परवा येतो."

"परवा?" सासूनं फोन हिसकावला. तिकीट खिडकी उघडली! "परवा काय, बाळाच्या बारशाला येतोस का? तान्ही पोर संध्याकाळी घरी यायची आहे, आणि हा कुंभकर्ण म्हणे परवा! तोंडातलं आधी गीळ आणि मग बोल माझ्याशी!"

"उद्या येतो, मावशी," मेकॅनिक म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

जावई बाजूला उभा राहून ऐकत होता, आणि खोटं कशाला सांगा, त्याच्या पोटात दुखलं. ह्या माणसाचं तोंडसुद्धा तिनं बघितलेलं नाही आणि पहिल्याच फोनवर कुंभकर्ण! आपण दोन वर्षं मर मर मरतोय, आपल्याला काय, तर ‘छान शोधलंत’. आपण कायमचे पाहुणेच राहणार. आता तर कामही सांगितलं आणि मशीनंही बंद पडली. ही बाई पुन्हा कधी काम सांगेल का?

सासूचा फोनवरचा उत्साह ओसरला. ओली दुपटी तिनं मशीनमधून काढून छातीशी धरली. "इस्त्री फिरवून वाळवू या," ती म्हणाली, पण आवाज पडला होता. "नातीचा पहिला दिवस घरातला. मला वाटलं होतं, ऊन ऊन दुपट्यात घ्यावं तिला."

 त्या खोलीत दोन दिवे होते. दाराजवळचा लागलेला होता, मशीनजवळचा नव्हता. आणखी काही राहिलंय का मशीनमध्ये ते बघायला सासू वाकली आणि पाठमोरीच म्हणाली, "तेवढा दिवा लावा हो."

संपलं, जावयाच्या मनात आलं. तिनं आशा सोडली, आता इथं दिवा तरी कशाला जाळायचा? त्यानं दाराजवळचं बटण दाबलं. खोलीत मिट्ट काळोख झाला.

 काळोखातून सासूचा आवाज आला, अगदी हळू. "जावईबापू, मी काय सांगितलं?"

"दिवा लावा."

"मग?"

"लावला."

 सासूच्या डोक्यात काहीतरी गरगरायला लागलं असावं. "बरं," ती म्हणाली, "आणि दार लावलं, म्हणजे काय केलं?"

"बंद केलं."

"आणि... ते वरचं बटण?"

"लावलंय, आई," जावई अभिमानानं म्हणाला. "मी स्वतः लावलंय. सकाळपासून एकदाही उघडलं नाही."

आणि मग दोन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं.

"अरे गाढवा!"

भिंती हादरल्या. "अरे शहाण्या, ताडाच्या झाडा! सकाळपासून मशीनचं नरडं आवळून बसलायस आणि मला सांगतोस लावलंय, लावलंय? जाळ्या काय काढल्यास, पाण्यात काय लोळलास, त्या बिचाऱ्या मेकॅनिकला मी उगाच झापलं! आणि एवढी दाढी वाढवून ‘मी येते, मी जाते’ काय रे बोलतोस? ‘मी शोधले’ म्हणे! कानाला किती त्रास होतो माझ्या, ठाऊक आहे? ‘येतो’ म्हण, ‘जातो’ म्हण!"

"मी चुकले," जावई म्हणाला.

"चुकलो!"

"चुकलो," तो म्हणाला आणि हसायला लागला. काळोखात भिंतीला टेकून तो इतका हसला की खालीच बसला. सासूनं चाचपडत दिवा लावला, म्हणजे चालू केला, आणि बघते तर जावयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय.

तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! काय बोलले मी हे! अहो, माफ करा हं, जावईबापू, माझ्या जिभेला हाड..."

"नाही, नाही!" तो गडबडीनं म्हणाला. "परत म्हणा ना."

"काय?"

"गाढव."

सासू त्याच्याकडे बघत राहिली. ओला शर्ट, दाढीला चिकटलेली लव, मुठीत अजून तो डूल. मग तिच्याही चेहऱ्यावर हसू फुटलं, आधी थोडं आणि मग पदराला न आवरणारं. "ऊठ गाढवा," ती म्हणाली. "ते बटण लाव आधी."

"वर की खाली?"

"वर रे, वर!"

त्यानं बटण वर ढकललं. सासूनं दुपटी परत आत घातली आणि दोन्ही कळा दाबल्या. वरचं मशीन घुमायला लागलं, खालच्यात पाणी भरायला लागलं. सासूनं दोन्ही मशीनांना हात जोडले, मेकॅनिकला फोन करून ‘येऊ नकोस रे बाबा’ सांगितलं, आणि मग संध्याकाळपर्यंत जावयाला एक मिनिट बसू दिलं नाही. चादर ओढ. त्या टोकाला धर. असं नाही, माठ्या, असं! तो पळत होता आणि गाणं गुणगुणत होता.

संध्याकाळी तो बायकोला आणि बाळाला घेऊन आला. सासूनं नुकतंच मशीनमधून काढलेलं दुपटं हातांवर पसरलं होतं, त्याची ऊब अजून होती. तिनं नातीला त्यात घेतलं. बाळानं एक मोठी जांभई दिली आणि झोपून गेलं.  मग तिचं लक्ष दाराकडे गेलं.

"अरे गाढवा, बघत काय उभा राहिलायस? दार लाव, धुकं आत येतंय!"

बायको चमकली. तिनं आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो छाती काढून उभा होता.

"तुला म्हणाली?"

"मला," तो म्हणाला. "दुपारपासून म्हणतेय."

बायकोचे डोळे भरून आले. "आईनं जीव लावला रे तुला," ती म्हणाली.

जावई दाराच्या कडीवर हात ठेवून थबकला. दुपारच्या अनुभवानं तो शहाणा झाला होता. शब्द पारखून घेतलेला बरा.

"लावला म्हणजे," त्यानं सासूला विचारलं, "चालू की बंद?"

"चालू रे गाढवा," सासू हळूच म्हणाली, कारण बाळ झोपलं होतं. "चालू."